‘जेर आरा’, म्हणजे अजून नाही

‘गिओर्गोबिस्त्वे’ हा जॉर्जियन चित्रपट मी तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा पुण्यातल्या फ्लॅटवर, रूममेट झोपल्यावर हेडफोन लावून. दुसऱ्यांदा पूर्व जॉर्जियातल्या काखेती प्रांतात, एका शेतकऱ्याच्या घरी, त्याच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. तिसऱ्यांदा हा लेख लिहायला बसण्याआधी. दर वेळी तो थोडा वेगळा दिसला, आणि त्याच्याबद्दल जे सर्रास बोललं जातं ते दर वेळी थोडं जास्त खटकलं. म्हणून हा खटाटोप.

बोललं जातं ते असं : परंपरा विरुद्ध कारखाना. खेड्यातली खरी वाईन विरुद्ध सोव्हिएत सरकारची खोटी वाईन. असं वाटण्यात कुणाची चूक नाही, चित्रपटाची सुरुवातच तशी आहे. कृष्णधवल चित्रं आणि संवाद नाहीतच. खेड्यातली माणसं द्राक्षं तोडतात, घड पायांनी तुडवतात, रस जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत ओततात, मग जेवायला बसतात. माहितीपटासारखं सगळं. त्यानंतर एकदम तिबिलिसी शहर, वाईनचा कारखाना, लाकडी पिंपांच्या रांगा, कचेऱ्या, कागद. दोन जगं शेजारी ठेवली की प्रेक्षक आपोआप पहिल्या जगाच्या बाजूनं उभा राहतो. मीही राहिलो होतो.

दिग्दर्शक ओतार इओसेलियानी. संगीत शिकलेला, मग मॉस्को विद्यापीठात गणिताला गेलेला आणि ते सोडून सिनेमाच्या शाळेत दाखल झालेला माणूस. (इंजिनिअरिंग करून सिनेमावर लिहिणाऱ्याला अशा चरित्रांनी जरा धीर येतो.) त्याचा ‘एप्रिल’ हा आधीचा छोटा चित्रपट सोव्हिएत अधिकाऱ्यांनी अडवला, तेव्हा त्यानं रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात काम केलं आणि पुढे त्याच कारखान्यावर ‘तुजी’ हा लघुपट काढला. म्हणजे कारखाना त्यानं आतून पाहिलेला होता. १९६६ चा ‘गिओर्गोबिस्त्वे’ हा त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९६८ साली त्याला कानमध्ये समीक्षकांचं फिप्रेस्की पारितोषिक मिळालं. गिओर्गोबिस्त्वे हे नोव्हेंबरचं जुनं जॉर्जियन नाव, संत जॉर्जचा महिना. बाहेरच्या जगानं त्याचं ‘पानगळ’ करून टाकलं.

गोष्ट थोडकीच आहे. निको आणि ओतार हे दोन मित्र संस्थेतून शिकून नुकतेच बाहेर पडलेत आणि वाईन कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागलेत. ओतार साहेबांच्या मर्जीत राहणारा. निको जरा बावळट, सभ्य, तळघरातल्या जुन्या कामगारांबरोबर रमणारा. ४९ नंबरच्या पिंपातली वाईन अजून तयार नाही. पण योजनेचा आकडा गाठायचाय, म्हणून ती बाटल्यांत भरायचं ठरतं. सगळ्यांना माहीत आहे की ती तयार नाही. कामगारांना, साहेबांना, ओतारलाही. निको सही करायला नकार देतो, आणि पुढे तेवढ्यानं भागत नाही असं दिसल्यावर त्या पिंपात जिलेटिन ओततो.

जिलेटिनचा हा प्रसंग बहुतेक लोक घातपात म्हणून पाहतात. पण जिलेटिन म्हणजे काही विष नव्हे. वाईन निवळायला ते वापरतातच. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तसं. वाईनमधल्या तुरट द्रव्यांना धरून ते हळूहळू तळाशी बसतं. मात्र एकदा घातलं की बसेपर्यंत थांबावंच लागतं, त्याआधी बाटली भरता येत नाही. म्हणजे निकोनं पिंप बिघडवलं नाही. त्यानं पिंपासाठी वेळ मिळवला, आणि तोही कारखान्याच्याच कपाटातल्या औषधानं. हे लक्षात घेतलं की परंपरा विरुद्ध कारखाना ही मांडणी डळमळते. निको खेड्यात परत जात नाही, रांजणाची आठवण काढून रडत नाही. तो शिकलेला तंत्रज्ञ आहे आणि आपल्या शिक्षणानंच अडून बसतो.

आता हा चित्रपट मला एवढा का लागला, ते सांगायला हवं.

मी ज्या कंपनीत होतो तिचं सॉफ्टवेअर छोट्या कारखान्यांच्या पगाराचा हिशेब करायचं. एका रिलीजच्या वेळी आमची एक टेस्ट मधूनच फेल व्हायची. महिनाअखेरीला रात्रपाळी सुरू होऊन पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पहाटे संपली, तर ओव्हरटाइमचे काही तास दोन्ही महिन्यांच्या मधे हरवायचे. नेहमी नाही, काही प्रकारच्या पाळ्यांत. मला ते दिसलं होतं. मॅनेजर म्हणाला, तारीख क्लायंटला दिलीये, पुढच्या आवृत्तीत बघू. मी त्या दोषावर ‘माहीत असलेली अडचण, प्राधान्य कमी’ असा शिक्का मारला आणि मंजुरीच्या चौकटीत हिरवी टिक केली. कुणी माझा हात धरून करवली नाही. दोन महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या पगारात, काही कारखान्यांतल्या माणसांना ओव्हरटाइम कमी आला. तक्रारी आल्या, आम्ही दोष काढला, फरक पुढच्या महिन्यात दिला गेला. तोवर दिवाळी होऊन गेली होती. मला कुणी काहीही बोललं नाही. उलट झटपट दुरुस्ती केली म्हणून टीमच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी आले.

त्याच डिसेंबरमध्ये मी ‘गिओर्गोबिस्त्वे’ पाहिला. निकोचा हात कागदापाशी थांबतो तेव्हा मी लॅपटॉप बंद करून पाणी प्यायला उठलो, एवढं आठवतं.

पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटी मी काखेतीला गेलो. माझा मावसभाऊ तिबिलिसीत एमबीबीएस शिकतो. तिथे शिकणाऱ्या भारतीय मुलांत मराठी मुलंही बरीच आहेत, त्यातला तो एक. चार वर्षांत त्यानं बाजारापुरतं आणि पेशंटपुरतं जॉर्जियन कमावलंय. “दादा, तू ये फक्त, बाकी मी बघतो,” असं म्हणून त्यानं तेलावीजवळच्या एका खेड्यात पाच दिवसांची सोय केली. हॉटेल नाही, घरच. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या, खाली कुटुंब. अंगणावर द्राक्षवेलीचा मांडव, पर्सिमनच्या झाडाला पानांपेक्षा फळं जास्त, समोर अलाझानी नदीचं सपाट खोरं आणि त्यापलीकडे कॉकेशसचा बर्फ. सकाळी घरची बाई आक्रोडाच्या माळा घट्ट शिजवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळत घालायची. त्याला चुर्चखेला म्हणतात. लांबून त्या मेणबत्त्या वाटतात.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, खाण्याच्या द्राक्षांची. त्यामुळे बाग माझ्या ओळखीची. पण काखेतीतली बाग पाहून पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की इथली वेल झोपते. थंडी पडते, पानं गळतात, वेल मार्चपर्यंत निजून राहते. आपल्याकडे तिला निजायला हिवाळाच तेवढा नाही. म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी अशी वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालवतो आणि तिला जागं ठेवतो. मामांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, “झोपू दिली तर हप्ता कोण भरणार?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जमिनीत पुरलेल्या त्या रांजणाला क्वेव्री म्हणतात. आकार अंड्यासारखा, टोक खाली. गळ्यापर्यंत जमिनीत, वर फक्त तोंड. ज्या खोलीत ते पुरलेले असतात ती मारानी. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला फरशीत गोल भोकं तेवढी दिसली आणि एकदम आपल्याकडचं पेव आठवलं, धान्य साठवायचं ते भुईतलं. फरक एवढाच की पेवात धान्य शांत पडून असतं आणि या भोकांतून आवाज येत होता. कान लावला तर खदखद ऐकू येते. काखेतीच्या पद्धतीत पांढऱ्या द्राक्षांचा रससुद्धा साल, बिया, देठ यांच्यासकट आंबवतात. साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर होतो, तो दिवसातून अनेकदा लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी साली आपोआप बुडू लागल्या की तोंडावर झाकण ठेवून कडा मातीनं लिंपून टाकतात आणि थेट वसंतात उघडतात. पाच-सहा महिने. खालच्या निमुळत्या टोकात बिया आधी जाऊन बसतात, त्यांच्यावर गाळ बसतो, आणि बियांचा कडूपणा त्या गाळाखाली दबून राहतो. आकार उगाच नाही तो. र्कात्सितेली जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची वाईन यातून निघते ती कोऱ्या चहाच्या रंगाची, आणि जिभेलाही चहासारखीच तुरट.

मराठीत ‘मुरणं’ हा शब्द आहे. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, माणूस धंद्यात मुरतो. हाच शब्द मी भावाला यजमानांना समजावून सांगायला लावला. त्यानं बराच वेळ हातवारे केले. यजमान ऐकून म्हणाले ते एवढंच, की हो, पण धुतलं नसेल तर कुजतं. क्वेव्री धुणं हेच खरं काम, असं त्यांचं म्हणणं. वरून गरम पाणी, चेरीच्या सालीचा कुंचला, मोठी असेल तर माणूस आत उतरतो, आणि शेवटचं पाणी पिता येईल इतकं स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. त्यांच्या एका क्वेव्रीतली वाईन आदल्या वर्षी आंबट होऊन गेली होती. लपवायचं काही कारण नसल्यासारखं त्यांनी ते सांगितलं, झाकणही उचलून दाखवलं. ती क्वेव्री यंदा रिकामी होती.

पर्यटनाच्या जाहिरातींत हे येत नाही. तिथे ‘८००० वर्षांची परंपरा’ हा मंत्र असतो. त्याला आधार आहे : २०१७ साली गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या उत्खननातल्या मडक्यांच्या तुकड्यांत द्राक्षवाईनच्या रासायनिक खुणा सापडल्या आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी ६००० च्या आसपासचा ठरला. २०१३ साली क्वेव्रीची पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पण ८००० हा आकडा असा वापरला जातो की जणू मधे काही घडलंच नाही. घडलं ते पुष्कळ. सोव्हिएत काळात कारखान्यांनी वाइनांना नावाबरोबर क्रमांक दिले, त्सिनांदाली १, मुकुझानी ४. क्वेव्री उरली ती घराघरांतल्या मारानीत, घरच्यापुरती. १९८५ मध्ये गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियानं जॉर्जियन वाईनवर बंदी घातली आणि निर्यातीचा मोठा भाग एका फटक्यात गेला. दुसऱ्या देशांत गिऱ्हाईक शोधायची वेळ आली, तेव्हा घरातली क्वेव्री पुन्हा दर्शनी भागात आली. २०१३ मध्ये रशियानं बंदी उठवली, आणि आज पुन्हा सर्वांत मोठा गिऱ्हाईक रशियाच आहे. एकूण वाईनमध्ये क्वेव्रीतली थोडीच असते, बाकीची स्टीलच्या टाक्यांतली. माहितीपत्रकावर मात्र क्वेव्री. हा ढोंगीपणा आहे असं मी म्हणणार नाही. पण ‘गिओर्गोबिस्त्वे’ची सुरुवात या माहितीपत्रकासारखी पाहिली तर त्यात पुढचं काहीच दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी मी यजमानांना नवी वाईन चाखायला मागितली. ते म्हणाले, “जेर आरा.” भावानं सांगितलं, “म्हणजे अजून नाही, दादा.” आणि लगेच त्यांनी त्याच क्वेव्रीतून एक जग भरून आणला! गढूळ, गोड, फसफसणारा रस. मी गोंधळलो. मग उलगडा झाला. ही वाईन नाही, ही माचारी. अर्धी आंबलेली. तिला स्वतःचं नाव आहे, तिचा स्वतःचा हंगाम आहे, शेजारीपाजारी ती आवडीनं पितात. फक्त तिला कुणी वाईन म्हणत नाही.

हे मला चित्रपटात कधी दिसलं नसतं. अपुरं असण्यात लाज नाही. आमच्या धंद्यातही बीटा असतो, लोक तो खुशीनं वापरतात, कारण त्यावर तसं लिहिलेलं असतं. ४९ नंबरच्या पिंपाची अडचण ते कच्चं असल्याची नव्हती. कच्चं असताना पक्क्याचं लेबल लावायचं होतं आणि त्या लेबलासाठी निकोची सही हवी होती. मीही पगाराचं सॉफ्टवेअर अपुरं दिलं हे एक, पण ते पुरं आहे असं लिहून दिलं. कारखान्याच्या हिशेबनिसाला जर कुणी सांगितलं असतं की महिनाअखेरीची रात्रपाळी हातानं तपासा, तर तो तपासू शकला असता. ते वाक्य ईमेलमध्ये टाकायला मला एक मिनिट लागलं असतं.

चौथ्या रात्री जेवणानंतर भावानं टूम काढली की इथेच तो पिक्चर लावू. यजमानांनी तो अर्थातच पूर्वी पाहिला होता. सुरुवातीच्या तोडणीला ते आमच्यासारखे भारावले वगैरे नाहीत. टोपल्या कशा धरल्यात, द्राक्षं कशी ओततायत यावर त्यांची शेरेबाजी चालू होती, घरातली बाई मधेच उठून भांडी आवरायला गेली. जिलेटिन आलं तेव्हा ते हसले. मग त्यांनी हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगितलं. भाऊ ऐकत राहिला, मला सांगेना. मी खुणावलं तेव्हा म्हणाला, “ते म्हणतायत, ते पण एका सरकारी वाईन कारखान्यात होते, सन ऐंशीच्या आसपास. त्यांच्याकडे पण असं पिंप होतं. एक नाही, पुष्कळ.”

“मग?”

“मग काय, सही केली म्हणतायत. सगळ्यांनीच करायची. आणि घरी येऊन आपली क्वेव्री धुवायची.”

परंपरा विरुद्ध कारखाना या मांडणीवरचा माझा मुख्य आक्षेप या एका उत्तरात आला. तोच माणूस, तेच हात. घरच्या रांजणापुरता जेर आरा म्हणणारा माणूस कारखान्यात हो म्हणत होता. घरची वाईन स्वतःला, सोयऱ्यांना, पाहुण्यांना द्यायची होती. कारखान्याची बाटली कुणा अनोळख्याला जाणार होती. परंपरा त्याला वाचवू शकली नाही, आणि इओसेलियानीनं ती वाचवेल असं कुठे म्हटलंही नाही. सुरुवातीच्या त्या मिनिटांकडे मी आता वेगळ्या नजरेनं पाहतो. ते गमावलेल्या स्वर्गाचं चित्र नाही. ते माप आहे. एवढ्या प्रमाणात, ओळखीच्या माणसांत, काम असं होतं. आता अनोळखी माणसांसाठी ते तसं करून दाखवा, असा पुढचा दीड तास आहे.

चित्रपटाबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. मरीना ही कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मुलगी. तिच्यामागे अर्धा कारखाना लागलाय, आणि चित्रपट तिला निकोची परीक्षा म्हणून वापरतो : ती त्याला खेळवते, तो शहाणा होतो. पण प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाला ४९ नंबरची वाईन कच्ची असल्याचं सर्वांत आधी कळणार ना? आम्ल किती, साखर किती उरलीय, हे तिच्यासमोरच्या नळ्यांत दिसत असणार. तिला या प्रश्नावर मत असू शकतं हे चित्रपटाच्या गावी नाही. सह्या पुरुषांच्या, नकारही पुरुषांचे. काखेतीतल्या त्या घरातही पंगतीला तमादा, म्हणजे एकामागून एक चषक उचलायला लावणारा सूत्रधार, यजमान होते. बाई चार तास उभी होती. मेलेल्यांसाठी, आईवडिलांसाठी, दूरदेशच्या पाहुण्यांसाठी चषक उचलले गेले आणि शेवटी स्त्रियांसाठीही. तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

दुसरी तक्रार जिलेटिनचीच. एका माणसानं एका रात्री केलेली कृती पडद्यावर फार शोभते. पण माझ्या अनुभवात कच्चा माल बाहेर पडतो तो सगळ्यांनी मिळून, थोडं थोडं करून. माझी टिक ही सहापैकी एक होती. उरलेल्या पाच जणांनी मला विचारलं नाही आणि मीही त्यांना विचारलं नाही. निकोला शेजारी बसवून बोलायला तळघरातले म्हातारे कामगार तरी होते. त्या म्हाताऱ्यांची आणि निकोची दृश्यं हीच मला चित्रपटातली सर्वांत चांगली वाटतात, जिलेटिनपेक्षाही. त्यांना चव कळते, पण त्यांच्या सहीला किंमत नाही. ज्याच्या सहीला किंमत आहे त्याला चव नुकती कळू लागलीय. इओसेलियानी या अंतरावर भाषण देत नाही. तो त्यांना एकत्र प्यायला बसवतो आणि कॅमेरा तिथेच ठेवतो.

निघताना यजमानांनी जुन्या वाईनची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली दिली. घरची वाईन तिथे अशीच मिळते, कोकची लेबलं काढलेल्या बाटल्यांत. मी माचारी मागितली होती, मामांना चाखवायला. नको म्हणाले, ती बाटलीतही आंबत राहते, विमानात टोपण उडेल.

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. इथेही मंजुरीची चौकट आहे. मार्चमध्ये एकदा मी ती रिकामी ठेवली आणि खाली कारण लिहिलं. तासाभरात दुसऱ्या कुणीतरी ती भरली. कारण तेवढं तिथे राहिलंय, अजूनही दिसतं.

एप्रिलमध्ये भावाचा मेसेज आला, सोबत उघडलेल्या क्वेव्रीचा फोटो. “दादा, दोन चांगल्या निघाल्या. तिसरीतली त्यांना पसंत नाही, परत लिंपून टाकली.” मी विचारलं, कधी उघडणार? त्यानं लिहिलं, “विचारलं नाही. सबमिशन आहे माझं.”